तळटीप आणि मातीची बाटली

विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत हल्ली एका धाटणीचं वाक्य हमखास सापडतं: आमच्याकडे मध्ययुगीन जर्मानिक ग्रंथांपासून शेतातल्या मातीपर्यंत सगळ्यावर संशोधन चालतं. या 'पासून-पर्यंत'ची लांबी म्हणजेच विद्वत्तेची रुंदी, असा त्यामागचा समज. दुसरीकडे समाजमाध्यमांवर हीच यादी टवाळीचा विषय होते. कुणाच्या तरी प्रबंधाचं शीर्षक उचलायचं, खाली 'करदात्यांचे पैसे' असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. या टवाळांशी वाद घालण्यात अर्थ नाही. शीर्षकाच्या पुढे त्यांनी काही वाचलेलं नसतं. 'ज्ञानासाठी ज्ञान' म्हणणाऱ्यांशीही नाही. ते बरोबर असतीलही, पण त्यांचं म्हणणं आधीच पटलेल्यालाच पटतं. आणि आंतरविद्याशाखीयतेचा जप करणारे तर दोन विभागांच्या खुर्च्या एका टेबलाभोवती आल्या की खूश असतात.

माझं भांडण आहे ते अशा संशोधनाच्या सर्वांत सभ्य आणि सर्वांत लोकप्रिय वकिलाशी. तो म्हणतो, आज निरुपयोगी वाटणारं उद्या उपयोगी पडतं, तेव्हा जरा धीर धरा. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीचे पहिले संचालक अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९३९ मध्ये हा मुद्दा एका गाजलेल्या लेखात मांडला. रेडिओचं श्रेय मार्कोनीला का देता, त्याच्या मागे मॅक्सवेल आणि हर्ट्झ होते, आणि त्या दोघांना उपयोगाशी काही देणंघेणं नव्हतं, असा त्यांचा रोख. लेख सुंदर आहे. त्यानंतर आजतागायत संशोधनाची बाजू घेणारा जवळजवळ प्रत्येक जण, नाव न घेता, त्यातलंच काहीतरी बोलतो.

पण या बचावातला दोष उघड आहे. लॉटरी लागलेल्यांच्या मुलाखती घेऊन लॉटरी हा चांगला धंदा आहे असं ठरवावं, तसं हे आहे. हर्ट्झ दिसतो, ज्यांच्या कामातून शंभर वर्षांत काहीच निघालं नाही ते कुणाच्या भाषणात येत नाहीत. बरं, त्यांचं काम वाईट होतं म्हणून ते येत नाहीत असंही नाही. आणि याहून गंभीर गोष्ट अशी की हा वकील फिर्यादीचं माप आधीच मान्य करून उभा राहतो. उपयोग हीच कसोटी, फक्त मुदत वाढवून द्या, एवढंच त्याचं मागणं. एकदा माप मान्य केलं की मुदत किती द्यायची हे फिर्यादीच ठरवणार. पन्नास वर्षांची पाच होतात, पाचाची तीन होतात, आणि शेवटी अर्जात 'अपेक्षित सामाजिक उपयुक्तता' असा रकाना येतो. नवव्या शतकातल्या सॅक्सन काव्यावर काम करणारा माणूस त्या रकान्यात काय लिहिणार? तो काहीतरी लिहितोच. ते खोटं आहे हे त्यालाही माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही.

या वकिलांचं अलीकडचं लाडकं उदाहरण तपासून पाहू. दहाव्या शतकातल्या 'बाल्ड्स लीचबुक' या जुन्या इंग्रजी वैद्यकग्रंथात रांजणवाडीवर एक औषध दिलं आहे: लसूण, कांद्याच्या जातीची आणखी एक वनस्पती, वाइन आणि बैलाचं पित्त, सगळं एकत्र करून पितळी भांड्यात नऊ रात्री ठेवायचं. नॉटिंगहॅम विद्यापीठात जुन्या इंग्रजीच्या अभ्यासक क्रिस्टिना ली आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रेया हॅरिसन यांनी सहकाऱ्यांसह ते तंतोतंत बनवलं. दुसरी वनस्पती साधा कांदा की लीक हे ग्रंथावरून ठरत नाही, म्हणून दोन्ही तऱ्हांनी बनवलं. नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या एमआरएसए या जिवाणूवर ते प्रयोगशाळेत परिणामकारक ठरल्याची बातमी २०१५ मध्ये जगभर झाली. पुढे २०२० मध्ये असंही दिसलं की जिवाणूंचा चिवट थर फोडायला एकटा लसूण पुरत नाही, सगळे घटक एकत्र लागतात.

इथे वकील टाळ्या घेतो. बघा, जुन्या इंग्रजीचाही उपयोग झाला! मला मात्र या गोष्टीतला नायक वेगळाच दिसतो. ऑसवल्ड कोकेन नावाच्या माणसाने १८६४ ते १८६६ या काळात हे जुने वैद्यकग्रंथ तीन खंडांत छापले आणि त्यात हे औषध होतं तसं आलं. शहाण्या माणसाला पटेल तेवढंच ठेवून बाकीचं त्याने गाळलं असतं, तर सर्वांत आधी बैलाचं पित्त गेलं असतं आणि मागोमाग नऊ रात्री. औषध लागू पडलं म्हणून कोकेनचं काम थोर ठरत नाही. ते साफ निकामी निघालं असतं तरी काम तितकंच चोख होतं. वकिलाच्या हिशेबात मात्र त्या दुसऱ्या शक्यतेत कोकेनला काहीच जागा नाही.

आता मातीकडे. उपयोगाचा विचार न करता संशोधन करावं असं ज्यांना वाटतं त्यांची पंचाईत करणारं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधलं रॉथमस्टेड. जॉन बेनेट लॉज हा खतांचा कारखानदार. १८४२ मध्ये त्याने सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं आणि १८४३ मध्ये आपल्याच इस्टेटीतल्या ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हावर प्रयोग सुरू केला. जोडीला रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट. प्रश्न अगदी रोकडा: शेणखत घालायचं की पोत्यातलं, आणि कुठलं किती? पिकाला नत्र हवेतूनच पुरेसं मिळतं असं रसायनशास्त्रज्ञ लीबिगचं म्हणणं होतं. गव्हाला ते वरून द्यावं लागतं हे लॉज-गिल्बर्टनी दाखवून दिलं. काही वर्षांत उत्तर हातात आलं. आजच्या कुठल्याही समितीने तिथेच 'प्रकल्प पूर्ण' असा शिक्का मारला असता. या दोघांनी पेरणी थांबवली नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाणा, पेंढा आणि माती फेकून दिली नाही. वाळवली, बाटल्यांत भरली, बुचं मारली, चिठ्ठ्या लावल्या. ब्रॉडबॉकवर आजही गहू पेरतात, आणि तिथला नमुन्यांचा संग्रह तीन लाखांच्या घरात गेला आहे.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या जुन्या गव्हातून दोन बुरश्यांचा डीएनए काढण्यात आला. दोन्ही गव्हाच्या पानांवर डाग पाडणाऱ्या. कुठल्या काळात कुठल्या बुरशीचा जोर होता हे पाहिलं, तर ते पारडं हवेतल्या सल्फर डायऑक्साइडच्या चढउताराबरोबर झुकत गेलेलं दिसलं. म्हणजे कोळशाच्या धुराचा इतिहास गव्हाच्या रोगात उमटला होता. हा प्रश्न १८४३ मध्ये कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. डीएनए नावाचा पदार्थ सापडला तोच मुळी १८६९ मध्ये. मधल्या काळात, १९१९ साली, साठलेल्या आकड्यांचा अर्थ लावायला रोनाल्ड फिशर तिथे आला आणि आधुनिक संख्याशास्त्राचा मोठा भाग त्या कामातून उभा राहिला. आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं पानसे-सुखात्मे यांचं पुस्तक (१९५४) याच परंपरेतलं.

जर्मानिक भाषांच्या अभ्यासात हेच घडलं, फक्त तिथे बाटल्या नव्हत्या. ग्रिमने १८२२ मध्ये व्यंजनबदलाचा नियम मांडला, त्याला अपवाद निघाले. आपल्या 'पितर्' आणि 'भ्रातर्' या दोन्ही शब्दांत मधला वर्ण 'त', म्हणून जर्मानिकमध्ये दोन्हीकडे तो सारखाच बदलायला हवा. पण गॉथिक बायबलात ते दोन वर्ण वेगळे आहेत, आणि आजच्या जर्मनमध्येही 'फाटर' आणि 'ब्रूडर' वेगळेच. कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाने १८७७ मध्ये उलगडा केला: वैदिक संस्कृतात 'पितर्'चा उदात्त स्वर शेवटच्या अक्षरावर, 'भ्रातर्'चा पहिल्यावर. मूळ भाषेतल्या आघाताच्या या जागेनेच जर्मानिक वर्णाचं पुढचं नशीब ठरवलं होतं. हे स्वर बोलण्यातल्या संस्कृतातून केव्हाच गेले होते. ते राहिले वेदपाठकांच्या तोंडी आणि त्यांच्या पोथ्यांतल्या आडव्या-उभ्या रेघांत. गॉथिक भाषेचं कोडं कुणी सोडवील म्हणून कुठल्या घनपाठ्याने स्वर सांभाळले नव्हते. त्याचा हेतू पूर्ण वेगळा, धार्मिक होता, आणि त्या व्यवस्थेने किती जणांना दाराबाहेर ठेवलं हेही आपल्याला ठाऊक आहे. पण एक अक्षर इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही ही शिस्त तिथे होती. लॉजच्या बाटल्यांशी तिचं नातं मला फ्लेक्सनरच्या रेडिओपेक्षा जवळचं वाटतं.

म्हणून संशोधनाची वाटणी उपयोगी-निरुपयोगी किंवा विज्ञान-मानव्य अशी करण्यापेक्षा मी ती खर्ची आणि शिलकी अशी करीन. खर्ची संशोधन आपलं साधन प्रश्नाच्या उत्तरात संपवून टाकतं. हाती राहतो तो निष्कर्ष. शिलकी संशोधन उत्तर देतंच, पण ज्यावरून उत्तर दिलं ते पुढच्याच्या हाती लागेल असं ठेवतं. साथीच्या दिवसांत लस शोधणाऱ्याला शिलकीचा हिशेब विचारू नये, हे मान्य. सगळंच ठेवायला जागा नसते, हेही मान्य. आणि ही सीमारेषा नेहमीच स्पष्ट असते असाही माझा दावा नाही. तरीसुद्धा बहुतेक ठिकाणी ती पुरेशी स्पष्ट असते, आणि जिथे ती दिसत नाही तिथे बहुधा कुणी पाहिलेलंच नसतं.

निष्कर्ष चुकतात, हे शिलकीचं खरं कारण. कार्ल लाखमानने १८२६ मध्ये 'निबेलुंगनलीड' या मध्ययुगीन जर्मन महाकाव्याची आवृत्ती काढली ती आज 'ए' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखितावर, तेच सर्वांत जुनं रूप मानून. नंतरच्या अभ्यासकांनी त्याचा कौल फिरवला आणि 'बी'ला पसंती दिली. लाखमानने पाठभेद सोबत छापले होते. त्याचा निर्णय पडला तरी त्याच्या कामातलं ते राहिलं. ही जर्मन शिस्त पुण्यात कशी आली हे जाणकारांना सांगायला नको: विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित आणि बर्लिनला ल्यूडर्सकडे भाषाशास्त्र शिकून आले आणि १९२५ पासून त्यांनी भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा घेतली. त्या आवृत्तीने महाभारत कापलं, अशी तक्रार अजून ऐकू येते. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही कथा संहितेत नाही, हे खरं. पण ती परिशिष्टात अक्षरशः छापलेली आहे. नाकारलेला प्रत्येक पाठ पानाच्या तळाशी, कुठल्या हस्तलिखितात आहे त्या खुणेसह. सुकथनकरांना उद्या कुणी खोटं पाडायचं म्हटलं तर लागणारी हत्यारं त्यांनीच परजून ठेवली आहेत. इतिहाससंशोधक राजवाड्यांची दप्तरांमागची पायपीट आपल्याला पाठ असते. त्यांनी काढलेले निष्कर्ष मात्र आज फारसं कुणी जसेच्या तसे स्वीकारत नाही, आणि त्यामुळे त्यांच्या साधनखंडांचं मोल रतीभरही कमी होत नाही.

माती आणि जुनी दप्तरं एकाच माणसाच्या हाती असल्याचं उदाहरणही आपल्याकडचंच आहे. हॅरॉल्ड मॅन हा रसायनशास्त्रज्ञ, पुण्याच्या शेतकी कॉलेजचा प्राचार्य. त्याने पिंपळे सौदागरचा अभ्यास करून १९१७ मध्ये 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' प्रसिद्ध केलं. १७७१ मध्ये गावात सरासरी ४० एकरांची असलेली धारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, हे तो दाखवू शकला, कारण पेशवाईतल्या नोंदी शिल्लक होत्या. पुढे तो इंग्लंडला परतून वोबर्नच्या प्रयोगशेतीवर कामाला लागला. अशा माणसाची रुंदी माहितीपत्रकाच्या 'पासून-पर्यंत'मध्ये मोजता येत नाही.

आणि आपल्याकडची आजची माती? नमुना घ्यायची पद्धत मोठी देखणी आहे. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी वीतभर खोल, इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्यायचा, खुरप्याने त्याच्या कडेची माती तासून घमेल्यात गोळा करायची, पोत्यावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचे पुन्हा चार, असं अर्धा किलो उरेपर्यंत. मग कापडी पिशवी आणि आत गट नंबरची चिठ्ठी. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत कोट्यवधी पत्रिका वाटल्या गेल्या. पत्रिकेवर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, जस्त, लोह वगैरे बारा आकडे आणि खाली खताची मात्रा. उपयोगाच्या कसोटीवर याहून निर्दोष काम दाखवा! पण ते बारा आकडे म्हणजे बारा निष्कर्ष. तेरावा प्रश्न, समजा प्लास्टिकच्या कणांचा किंवा कोंबडीखतातून आलेल्या प्रतिजैविकांचा, आकड्यांना विचारता येत नाही. तो मातीलाच विचारावा लागतो. आणि अहवाल हाती आला की त्या अर्ध्या किलोचं काम संपलं, असं शेतकऱ्यापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळेच धरून चालतात.

मानव्यवाल्यांनी यावर मान डोलावण्याचं कारण नाही. प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर चढवावा लागतो, तो तिथे मिळतो. बोलीवरच्या प्रबंधामागची ध्वनिमुद्रणं, लोकगीतांच्या मूळ वह्या, मुलाखतींचे कच्चे कागद मात्र संशोधकाच्या माळ्यावर, आणि घर बदलताना रद्दीत. मराठीतल्या पुष्कळ साहित्यसंशोधनाला तर शिल्लक ठेवण्यासारखं काही हाती लागलेलंच नसतं. चार समीक्षाग्रंथांचा सारांश करायला साधनं लागत नाहीत.

तेव्हा अर्जातला तो उपयुक्ततेचा रकाना खुशाल काढून टाकावा आणि त्या जागी एकच विचारावं: उत्तर मिळाल्यावर साधन कुठे राहील, किती वर्षं, आणि त्याचा खर्च कोण करील? लॉजने १८८९ मध्ये यासाठी एक लाख पौंडांचा ट्रस्ट केला होता. प्रश्न विचारताना रक्कमही विचारावी हे त्यालाच कळलं, कारखानदार होता म्हणून असेल. जर्मानिक ग्रंथांवर काम करणाऱ्याकडे या रकान्याचं उत्तर बहुधा तयार असेल: हस्तलिखित अमुक ग्रंथालयात, क्रमांक अमुक, पाठभेद तळटीपेत. अडखळतील ते सध्या ज्यांना उपयुक्ततेचे पैकीच्या पैकी गुण मिळतात तेच.