प्रारब्ध कोणाचे?

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली ऐन काजूच्या हंगामात माकडतापाची साथ उसळली. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात प्रथम ओळखल्या गेलेल्या या रोगाचा विषाणू गोचिडीच्या दंशातून शरीरात शिरतो; आणि गोचीड चावते ती पातेरा चिवडून पडलेले बोंडू वेचणाऱ्याला, जळणासाठी रान तुडवणाऱ्याला. बागेचा सातबारा ज्याच्या नावे असतो तो पुष्कळदा मुंबईस राहतो, त्याची आणि गोचिडीची गाठ पडण्याचे प्रयोजनच नसते. पावसाळा लागला की खाली कुडाळ-मालवणकडील भाताच्या कुणग्यांत लेप्टोस्पायरोसिसची पाळी येते. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून चिखलात उतरलेले जंतू लावणी करणाऱ्यांच्या पायांच्या भेगांतून रक्तात जातात. वेळीच दिल्यास साध्या औषधाने हा ताप हटतो. परंतु पहिल्याच दिवशी मजुरी बुडवून दवाखाना गाठणे ज्यास परवडत नाही, तो चार दिवस अंगावर काढतो आणि डोळे पिवळे झाल्यावर त्याला गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात न्यावे लागते.

असा एखादा कर्ता पुरुष गेला म्हणजे ओटीवर जमलेली मंडळी म्हणतात, त्याचे प्रारब्धच तेवढे होते. या उद्गाराने शोकाला टेकायला जागा मिळते, म्हणून त्याची हेटाळणी मी करणार नाही. मात्र तत्त्वविचार म्हणून तो तपासला पाहिजे. संचितापैकी ज्याचे फळ भोगण्यास आरंभ झाला ते प्रारब्ध, असे मानले, तर काजू वेचणाऱ्यांचे फाल्गुन-चैत्रात आणि लावणी करणाऱ्यांचे आषाढानंतरच का पिकावे? पूर्वजन्मीचे पापी नेमके एका वाडीत आणि एका धंद्यात जन्म घेतात, असे मग म्हणावे लागेल. (शतकानुशतके आपण तसे म्हणतही आलो, आणि त्या म्हणण्यावर अख्खी जातिव्यवस्था उभी केली.)

हा प्रश्न आपल्या पूर्वजांना सुचला नव्हता असे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आत्रेयांना विचारतो की, ज्यांची प्रकृती, आहार, बल आणि वय भिन्न, अशी माणसे एकाच रोगाने एकाच वेळी कशी मरतात? आत्रेय वायू, उदक, देश आणि काल या सर्वांच्या सामाईक गोष्टींकडे बोट दाखवतात, आणि त्यांच्या बिघाडाचे मूळ अधर्मात शोधतात. पूर्वकर्माचा उल्लेख करूनही ते तेथे थांबत नाहीत, तर देशाचे आणि नगराचे प्रमुख धर्म सोडून वागू लागले म्हणजे तो अधर्म त्यांच्या आश्रितांकरवी वाढत जातो, असे सांगतात. पाली वाङ्मयातील सीवक नावाच्या परिव्राजकाला बुद्धाने दिलेले उत्तर याहून रोखठोक आहे: पित्त, कफ, वात, ऋतुपालट, आघात अशी वेदनेची आठ कारणे मोजून कर्मविपाक त्यांतले केवळ एक, असे त्याने सांगितले.

शास्त्रे दूर राहोत, आमची गावऱ्हाटीही एकट्याच्या प्रारब्धावर चालत नाही. ग्रामदेव रवळनाथासमोर गाऱ्हाणे घातले जाते ते सबंध गावाच्या वतीने, आणि त्याला जमलेले सारे एका स्वरात होकार देतात. देवापुढे जे दुःख समाईक ठरते, ते मजुरीच्या हिशेबात मात्र ज्याचे त्याचे होते, ही विसंगती कोणा मानकऱ्यास खटकल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

चरकाच्याच त्या अध्यायात पुढे आयुष्य नियत की अनियत याचा ऊहापोह आहे, आणि दुर्बल दैवास पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, मागे सारू शकतो, असा निर्वाळा दिलेला आहे. मजुराच्या हाती असलेला पुरुषकार फार थोडा: अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल चोळावे, पायातील जखम झाकावी. तापाच्या पहिल्या दिवसाचा रोज न कापण्याची तजवीज आणि चिखलात उतरणाऱ्यास गमबूट देणे हा पुरुषकार बागायतदाराचा आहे, आणि तो घडला नाही तर त्याचे खापर मेलेल्याच्या संचितावर फोडता येणार नाही.