तूस काल कुठे जळत होते?

गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीपासून तिरोड्याच्या औष्णिक वीजकेंद्रापर्यंत हा सगळा मुलूख धानाचा. धान भरडले की वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके तूस निघते, आणि उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्या तेच बॉयलरमध्ये घालून वाफ करतात. कोळशाऐवजी शेतातले अवशेष वापरा, या आजच्या सांगण्यात इथल्या गिरणीवाल्याला नवे वाटावे असे फारसे काही नाही. बदलले आहे ते त्यामागचे कारण. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा भारतात बसगाड्या लाकडी कोळशापासून केलेल्या गॅसवर चालवल्या गेल्या. पेट्रोल परतले तशी हा गॅस करणारी यंत्रे गेली. 1973 च्या तेलसंकटानंतर गोबरगॅस आणि गॅसिफायर यांना पुन्हा महत्त्व आले, कारण परकीय चलन वाचवायचे होते. धुरातून हवेत किती कार्बन जातो, हा प्रश्न या दोन्ही वेळी कोणाच्या मनात नव्हता. 1997 च्या क्योटो करारानंतर तो मध्यभागी आला, आणि तुसावर चालणाऱ्या प्रकल्पांना कार्बन क्रेडिट मिळण्याची वाट उघडली.

तूस जाळल्यावरही कार्बन डायऑक्साइडच निघतो, मग ते स्वच्छ कसे, असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर आहे. तुसातला कार्बन धानाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो आणि पुढचे पीक तो पुन्हा घेते; कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता, तो हवेत नव्याने भर घालतो. इथवर हिशेब पक्का आहे. मात्र यात एक गोष्ट गृहीत धरली जाते, ती म्हणजे हे तूस एरवी वाया जात होते. धानपट्ट्यात तसे सरसकट होत नाही. गिरणीच्या बॉयलरला ते लागते, वीटभट्टीला लागते. मोठ्या खरेदीदाराने जास्त भाव देऊन ते उचलले आणि आधीचा वापरणारा कोळशाकडे वळला, तर कागदावर उत्सर्जन घटते आणि हवेत तेवढेच राहते. म्हणून इंधन कमी उत्सर्जनाचे आहे की नाही, हे निव्वळ पदार्थ पाहून ठरत नाही. ते उचलल्यावर त्याच्या जागी काय जळू लागले, हे पाहावे लागते.

केंद्र सरकारच्या 2021 च्या धोरणाने कोळशावरच्या वीजकेंद्रांना साधारण 5 टक्के जैवभार मिसळायला सांगितले. तिरोड्याच्या केंद्राची क्षमता 3300 मेगावॅट. ते पूर्ण क्षमतेने दिवसभर चालले तर सुमारे 7 कोटी 92 लाख युनिट वीज होते. एका युनिटला पाऊण किलो तूस धरले, तर दिवसाला जवळपास 59 हजार टन तूस, म्हणजे 3 लाख टन धानाची भरडाई. नुसत्या 5 टक्क्यांसाठीही रोज 15 हजार टन धान भरडावे लागेल. शिवाय तूस फार हलके असते. एका घनमीटरात जेमतेम 100 ते 120 किलो मावते, त्यामुळे लांबून आणायचे तर गोळ्या बनवण्याची आणि वाहतुकीची ऊर्जा हिशेबात धरावी लागते. याचा अर्थ तूस निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. ते जिथे निघते तिथेच जास्त कामाचे आहे. गिरणीत जास्त दाबाची वाफ करून आधी टर्बाइन फिरवावे आणि उरलेल्या वाफेवर धान उकडावे, तर तेवढ्याच तुसात वीजही मिळते. हा मार्ग छोटा आहे, त्याने देशाची गरज भागणार नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. देशाच्या गरजेसाठी सूर्य, वारा आणि वीज साठवण्याच्या सोयी लागतील. तो भार तुसावर टाकणेच चूक आहे.

तणसाची, म्हणजे भाताच्या काडाची, गोष्ट याहून नाजूक आहे. 2022 मध्ये पानिपतला भाताच्या काडापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला. पंजाब-हरियाणात काड शेतातच पेटवले जाते, तिथे हा उपाय मनापासून स्वागत करावे असा आहे. विदर्भाच्या धानपट्ट्यात तेच तणस गुरांची वैरण आहे. ते कारखान्याकडे वळले, तर ज्याच्याकडे दोन गाई आहेत त्याच्यावर चारा विकत घेण्याची वेळ येईल. खाण्याजोग्या तांदळापासून इथेनॉल करण्याला तर माझा स्पष्ट विरोध आहे. जुलै 2023 मध्ये सरकारलाच डिस्टिलऱ्यांना अन्न महामंडळाचा तांदूळ देणे थांबवावे लागले होते. खराब झालेले धान्य ही गोष्ट वेगळी, ते जरूर वापरावे.

जैवभाराच्या निविदेत उष्मांक, ओलावा आणि राख यांचे आकडे मागितले जातात. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: हा माल गेल्या वर्षी कोण वापरत होते आणि यंदा तो त्याऐवजी काय वापरणार आहे. तो भरल्याशिवाय उत्सर्जन घटल्याचा दाखला कोणालाही देऊ नये.