आयत्या वेळचा विषय

हिवरे बाजार या गावाचा पाण्याचा ताळेबंद खरा आहे. या गोष्टीतली ग्रामसभा आणि माणसं मात्र मी रचलेली.

पर्जन्यमापकावरचे आकडे वाचून झाले, विहिरींची पातळी सांगून झाली. पाऊस बेताचा, म्हणून यंदा गहू कमीच, असं ठरत होतं. तेवढ्यात वरच्या शिवारातला एक तरणा गडी उठला. "शेतीला बोअर का नाही? ऊस का नाही? बंदी उठवा, घरटी एक ट्रॅक्टर उभा करून दाखवतो!"

मागच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी चष्मा सावरला. "हे विषयपत्रिकेवर नाही. खाली बसा."

भाऊसाहेबांना नावं ठेवू नयेत. मोठमोठे पक्षही हेच करतात. पोपटराव पवार इथे सरपंच झाले त्याच 1989 साली बेल्जियममधल्या फ्लेमिश पक्षांनी ठरवलं, की ‘फ्लाम्स ब्लोक’ या स्थलांतरितविरोधी पक्षाशी युती करायची नाही. 2004 मध्ये न्यायालयानं त्याच्याशी जोडलेल्या संस्थांना वंशद्वेषाबद्दल दोषी धरलं. पक्षानं पाटी बदलली, आणि 2024 ला मतांच्या हिशेबात तो देशात दुसरा आला. न्यायालयाचा निकाल चुकला असं मी म्हणणार नाही. द्वेषाला कायदा लागलाच पाहिजे. पण टाळ्या वाजवणाऱ्यांचं दुखणं निकालपत्रात कुठून येणार?

आक्का पुढेच बसल्या होत्या. "भाऊसाहेब, आयत्या वेळच्या विषयात घ्या की. आन् ताळेबंदाची वही त्याच्याच हातात द्या. उसाला किती पाणी लागतं, मांडू द्या त्याला."

गडी फळ्यापाशी गेला. दहा घरांचा ऊस मांडला, तर उन्हाळ्यात जनावरांच्या पाण्याच्या रकान्यात काहीच उरेना. टाळ्या थांबल्या. त्यानं खडू मात्र खाली ठेवला नाही. वरच्या विहिरी दरसाल आधी आटतात, हेही त्याच वहीतून त्यानं वाचून दाखवलं. खालच्या शिवारातले बागायतदार एकमेकांकडे बघू लागले. त्यांना ते ठाऊक होतं. कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं, एवढंच.

बंदी कायम राहिली. पुढचं श्रमदान मात्र वरच्या अंगाच्या बंधाऱ्यापासून सुरू करायचं ठरलं. गड्याचं समाधान झालं नाही.

"पुढच्या पंचायतीला मी उभा राहणार," तो म्हणाला.

"बिनविरोधाची परंपरा..." भाऊसाहेब पुटपुटले.

"ती 2021 लाच मोडली. गाव कुठं वाहून गेलं?" आक्का त्याच्याकडे वळल्या. "राहा उभा. अनामत भरायला पैसे हायेत का?"