परत आलेला एकजण

(आजचे शुभवर्तमान : लूक १७:११-१९)



आजच्या शुभवर्तमानातले दहा कुष्ठरोगी येशूला पाहतात, पण जवळ येत नाहीत. दूर उभे राहून हाक मारतात. मोशेचा नियमच तसा होता. अशा रोग्याने तोंड झाकावे, आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगावे आणि वस्तीबाहेर एकटे राहावे, असे लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे. पूर्वी हा उतारा आपल्याला फार जुन्या काळचा वाटायचा. २०२० साली मात्र तोंड झाकणे, दूर उभे राहणे आणि वेगळ्या खोलीत एकटे राहणे आपल्याच वाट्याला आले.

आठवा ते दिवस. २२ मार्च २०२०, रविवार, जनता कर्फ्यू. मग चर्चचे दार बंद झाले. अंबाबाईचे मंदिर बंद, मशिदी बंद, जोतिबाची चैत्र यात्राही रद्द. १२ एप्रिलला पुनरुत्थानाचा सण आपण घरातच साजरा केला. ज्या कोल्हापुरात पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, तिथे उंबऱ्यातूनच बोलून माणसे परत जाऊ लागली. १६ नोव्हेंबर २०२० रोजी प्रार्थनास्थळे उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. आपण आलो, पण खुणा केलेल्या जागेवर बसलो. दारातले पवित्र पाण्याचे भांडे कोरडे होते. शांतीचे चिन्ह म्हणून हात हातात घेण्याऐवजी आपण दुरून नमस्कार केला.

हे अंतर पाप नव्हते. येशू त्या दहा जणांना दूर उभे राहिल्याबद्दल दोष देत नाही. तो त्यांना दुरूनच बरे करतो. म्हाताऱ्या आईला आजार होऊ नये म्हणून मुलगा दाराबाहेर थांबला, तर ते प्रेमच होते.

पण एक धोका आहे. संत थॉमस अक्विनास सांगतात, की सद्गुण ही चांगली सवय असते आणि दुर्गुण ही वाईट सवय असते. एखादी कृती पुन्हा पुन्हा केली की ती अंगवळणी पडते, आणि मग तिचे कारण संपले तरी ती चालूच राहते. २ एप्रिल २०२२ पासून राज्यातले निर्बंध उठले. आपल्या मनातले उठले का?

मी आधी माझेच सांगतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत एका घरातला कर्ता मुलगा गेला. मी फाटकाबाहेर उभा राहून प्रार्थना केली आणि परतलो. तेव्हा नियमच तसा होता. पण नियम सैल झाल्यावरही त्या घरी जायला मला आठ महिने लागले. रोज काहीतरी काम निघायचे. शेवटी गेलो, तर त्या मुलाच्या आईने विचारले, "फादर, खुर्ची भाईरच टाकू का? आमच्याकडं आत कोण येत न्हाई." मला उत्तर सुचले नाही. मी आत जाऊन बसलो. त्यांनी चहा केला. मुलाबद्दल त्या पहिल्यांदाच इतके बोलल्या. बोलता बोलता संध्याकाळ झाली.

दहांपैकी एकच परत आला, आणि तो शोमरोनी होता, म्हणजे परका. आपल्या शहरातही संकटात जवळ आले ते बहुधा परकेच. बैतुलमाल कमिटीच्या कार्यकर्त्यांनी जातधर्म न पाहता मृतांचे अंत्यसंस्कार केले. पंचगंगा स्मशानभूमीतले महापालिकेचे कर्मचारी रात्रंदिवस राबले. परिचारिका आणि वॉर्डबॉय यांनी आपल्या माणसांचे शेवटचे शब्द ऐकले. त्यांचे आभार मानायला आपल्यापैकी किती जण परत गेले?

बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशू विचारतो. तेही बरे झाले होते. बरे झाल्यावर ते आपापल्या कामाला लागले, एवढेच. हा प्रश्न मला आपल्या बाकांकडे पाहताना आठवतो. आजारी आणि वृद्ध माणसांना मोबाईलवरची मिस्सा मोठा आधार आहे. पण धडधाकट माणसाने रविवारी घरी बसून ती पाहावी, तर प्रभूच्या मेजाशी त्याची जागा रिकामीच राहते. ख्रिस्तशरीर पडद्यावरून स्वीकारता येत नाही.

म्हणून या आठवड्यासाठी तीन गोष्टी सुचवतो.

१. त्या काळातली चांगली सवय टिकवा. सर्दी-ताप असेल तर गर्दीत जाऊ नका, हात धुवा आणि घरात सुरू झालेली जपमाळ सोडू नका.

२. महामारीत ज्या घरी मृत्यू झाला आणि आपण जाऊ शकलो नाही, त्या घरी आता जा. उशीर झाला म्हणून संकोच करू नका. आत जाऊन बसा.

३. त्या काळात ज्याने तुमच्यासाठी काही केले, त्याला भेटून आभार माना. मग पुढच्या रविवारी शेजारच्या एकाला बरोबर घेऊन मिस्साला या.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, दूर उभे असताना तू आमची हाक ऐकलीस. आम्हाला परत येण्याची बुद्धी दे. जे आमच्यातून गेले त्यांना चिरशांती दे, आणि ज्यांच्या घरी कोणी गेले नाही, त्यांच्या दारापर्यंत आमची पावले ने. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू