दर्शनी खांबांचे सत्य

इमारतीलाही सत्याचे बंधन असते, असे जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये ठामपणे मांडले. रचना उघडी दाखवण्याची सक्ती त्यांनी केली नाही, पण नसलेला आधार भासवणे ही फसवणूक मानली. या कसोटीवर सेंट लुईसची वेनराइट इमारत नापास होते. डांकमार ॲडलर आणि लुई सलिव्हन यांची ही दहामजली इमारत १८९१ मध्ये पूर्ण झाली. तिचा भार पोलादी सांगाडा पेलतो. बाहेर मात्र लाल विटांचे एकसारखे खांब सरळ वर चढतात आणि त्यांतल्या एकाआड एका खांबामागे पोलाद नाहीच. रूप कार्यानुसार ठरते, असे सांगणाऱ्या सलिव्हननेच हे करावे, हा आक्षेप वजनदार आहे.

तरीही ही इमारत खोटी ठरत नाही. पोलाद आगीत मऊ पडते, म्हणून त्याला भाजलेल्या मातीचे किंवा विटांचे कवच द्यावेच लागते. झाकणे अटळ असेल, तर प्रश्न उरतो तो आवरणाने काय सांगावे, हा. वेनराइटचे आवरण बरेच सांगते. दुकानांच्या तळमजल्याला रुंद खिडक्या आहेत. वरच्या कचेऱ्यांचे काम सारखे, म्हणून त्यांचे मजलेही सारखे. यंत्रसामग्रीच्या शेवटच्या मजल्यावर नक्षीचा पट्टा आणि लहान गोल खिडक्या. आणि उंची हाच अशा इमारतीचा मूळ स्वभाव, असे सलिव्हनने १८९६ च्या निबंधात मांडले. जादा खांब तो स्वभाव ठळक करतात.

असे म्हटले तर कोणत्याही सोंगाचे समर्थन होईल, अशी शंका येते. तिचे उत्तर योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सापडते: आपल्याला जे कळले ते दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्यासाठी वाणी आहे, ती फसवी, भ्रामक किंवा निरर्थक नसावी आणि प्राणिमात्रांच्या हिताची असावी. म्हणजे सत्य ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटते, यावरही ठरते. तडा गेलेल्या भिंतीवर गिलावा चढवणारा रहिवाशाला धोक्यात लोटतो, म्हणून तो खोटा. सलिव्हनच्या खांबांवर विसंबून कुणाचेही नुकसान होत नाही. उलट, सचोटीचा आदर्श मानल्या गेलेल्या मीस व्हान डेर रोह यांच्या न्यूयॉर्कमधील सीग्राम इमारतीवरही (१९५८) काशाच्या उभ्या पट्ट्या आहेत. त्या इमारतीचा भार पेलत नाहीत; खरे पोलाद आगीपासून वाचवण्यासाठी काँक्रीटमध्ये दडलेले आहे. रस्किनची कसोटी प्रत्येक खांबाची झडती घेते. पाहणाऱ्याला अखेर काय कळले, हे विचारत नाही. तो प्रश्न विचारला, तर वेनराइट इमारत सच्चीच ठरते.