वहिवाट

गावात नवं पोरगं दिसलं की म्हातारी माणसं विचारतात, "कुणाचा रं तू?" वावराबद्दल हाच प्रश्न सरकार विचारतं, तेव्हा भल्याभल्यांना घाम फुटतो.

वडील गेल्यावर मी वारसनोंदीला तलाठ्याच्या सज्जावर गेलो. मृत्यूचे दाखले, प्रतिज्ञापत्र, आधार, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून. तिथं कळलं की जमीन अजून आजोबांच्याच नावावर आहे. आजोबा वारले 1984 साली. वडिलांनी हयातभर पेरलं, दरसाल सारा भरला, पण नाव चढवलं नाही. "आपलंच हाय, पळून चाललंय व्हय?" एवढंच त्यांचं कायद्याचं ज्ञान.

बरं, सातबाऱ्यावर आजोबा 'रामा भिवा', आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'रामचंद्र भिवाजी'.

"हे दोघं एकच कशावरून?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"माझे आजोबा होते ते."

"तुम्ही त्यांचे नातू, हे ते तुमचे आजोबा ठरल्यावर ठरणार ना!"

न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. आमच्या तालुक्यात हेलपाटा म्हणतात. मी असे अकरा घातले. आजोबांना गावात रामा म्हणत, जनावरांच्या बाजारात रामभाऊ, दिंडीत रामबुवा. कुठंच कुणी पुरावा मागितला नव्हता. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुना फेरफार काढायचं ठरलं, तर नेमकं तेवढंच पान वाळवीनं खाल्लेलं. तिला मात्र कब्जासाठी अर्ज करावा लागला नव्हता.

एवढा आटापिटा ज्या कागदासाठी, तो तरी काय सांगतो? सातबाऱ्यावर 'मालक' असा शब्दच नाही, 'भोगवटादार' आहे. जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 157 प्रमाणे ती नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरायची. आणि फेरफार हा सारा कुणाकडून घ्यायचा एवढ्यापुरता असतो, त्यानं मालकी मिळत नाही, असं न्यायालयं पुन्हापुन्हा सांगत आली आहेत. म्हणजे अकरा हेलपाटे घालून मला मिळणार काय, तर 'तूर्त तुझं असं समजू.' खरं तर मला हे पटतं. जमिनीबद्दल माणसानं याहून जास्त बोलूही नये. फक्त ते उन्हात रांगेत उभं राहून ऐकायला नको होतं.

शेवटी मंडळ अधिकारी म्हणाले, जुने उतारे आणा, आम्ही स्थानिक चौकशी करतो, जाणत्या माणसांचे जबाब घेतो. जाणता माणूस एकच, आमचे नाना. आजोबांच्या हाताखाली सालगडी म्हणून राहिले ते आजतागायत. मी तालुक्याला मास्तरकी करतो, वडीलही शेवटची दहा वर्षं अंथरुणालाच होते. त्या वावरात पाणी कुठं मुरतं, चुनखड कुठं लागते, हे नानांशिवाय कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या नावावर मात्र गुंठाभरही नाही. 'कसेल त्याची जमीन' म्हणत 1948 चा कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 पासून कुळं मालक झाली, पण पगारावर राबणारा गडी कूळ धरत नाहीत. कायद्याच्या लेखी त्याचं कसणं हे मालकाचंच कसणं. अशा माणसानं सांगायचं, की जमीन माझी! ते सांगतील याची मला खात्री होती, आणि त्याचंच जरा ओझं वाटत होतं.

नाना झाडाखाली उकिडवे बसले. "रामा न रामचंद्र येकच. मी त्येच्या ताटात जेवलोय. वावर ह्या मास्तरचं." त्यांनी अंगठा उठवला आणि शाई धोतराला पुसली.

साहेब जुने हातानं लिहिलेले उतारे चाळत होते. त्यातल्या गाव नमुना बारामध्ये एक रकाना असे, 'जमीन करणाऱ्याचे नाव'. साहेबांनी बोट ठेवलं. 1985, 86, 87, पुढेही सगळीकडे 'रामा भिवा'. म्हणजे आजोबा वारल्यानंतरही वर्षानुवर्षं ज्वारी पेरत होते.

"काय लिवलंय?" नानांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं, रकान्याचं नावही सांगितलं. नाना थोडा वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

"म्हंजे त्या सालांत मी केलं, ते रामाच्या नावावर गेलं व्हय?"

"हो."

"जाऊंद्या. माणूस चांगला हुता," म्हणाले, आणि पाळी घालायची राहिली होती म्हणून बैलांकडे गेले.