वाटसरू दारी आला तेव्हा



२०२० च्या टाळेबंदीत मिस्सा मोबाईलवर आणि फिरणे गच्चीवर. सकाळी ऊन, दुपारी वावटळ, मध्येच अवकाळी शिंतोडे. आपण लगेच जिन्यात. त्याच दिवसांत मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे, शिरपूर ओलांडत मजूर चालले होते. त्यांना कुठला जिना? रोममध्ये २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या चौकातून एकटे चालत आले. २६ एप्रिलचे शुभवर्तमान होते अम्माऊसचे: दोन शिष्यांनी वाटेतल्या अनोळखी सोबत्याला आग्रहाने घरात घेतले, आणि भाकर मोडताना प्रभूला ओळखले. आपण, खरे सांगायचे तर, पाणी मागणाऱ्या वाटसरूसाठी ओट्यावर तांब्या ठेवला आणि दार लावून घेतले. भीती खोटी नव्हती. पण त्याचे गाव कुठले, हेही आपण विचारले नाही.